वरचा गजानन

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गजानन नावाच्या माणसांना तोटा नाही. घरटी एक गजानन, आणि ज्या घरात तो नसेल त्या घराच्या दुकानावर तरी ते नाव असतंच. सोनाळ्याच्या एसटी स्टँडवर उभं राहून "ओ गजाननभाऊ" अशी हाक मारली, तर पानटपरीवरचा एक, गाडीतून उतरणारा एक आणि बाकावर पेंगणारा एक, असे तिघेचौघे माना वळवायचे. म्हणून गावाने प्रत्येकाला एकेक शेपूट जोडून ठेवलं होतं. मळ्याचा गजानन, चष्म्याचा गजानन, घोरपडीचा गजानन. या शेवटच्याने म्हणे लहानपणी घोरपड पाळली होती. आमच्या शेजारच्या घरात जो होता त्याला वरचा गजानन म्हणत. त्या घराला माडी नव्हती. वर पाहायची नोकरी करतो म्हणून तो वरचा.

आम्ही सोनाळ्याला गेलो ते आमच्या ह्यांच्या बदलीमुळे. हे गुरांचे डॉक्टर, मी शाळेत मराठी शिकवणारी. सत्तर सालानंतरची ती वर्षं. आमच्या भाड्याच्या घराला लागूनच वच्छलाकाकूंचं घर होतं. काकूंचा थोरला मुलगा शेती पाहायचा आणि धाकटे हे गजाननभाऊजी. दूर दक्षिणेत एका डोंगरावर वेधशाळा होती, तिथे ते कामाला होते. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वहिनी. नातं शेजाराचंच, पण दीर-भावजयीच्या थट्टामस्करीचा हक्क आम्ही दोघांनीही पहिल्याच वर्षी वसूल करून घेतला.

भाऊजी गावी यायचे ते ऐन पावसाळ्यात. त्या डोंगरावर पावसाच्या दिवसांत दुर्बिणींचे आरसे झाकून ठेवतात, मग माणसांना सुट्टी. इकडे सगळा गाव सकाळ-संध्याकाळ आभाळाकडे डोळे लावून बसलेला, आणि ज्याचा तो धंदाच होता तो हात पाठीमागे बांधून, खाली मान घालून चिखल चुकवत चाललेला. लोकांना याची फार गंमत वाटायची. त्यात पुन्हा भाऊजींना नक्षत्रं ओळखता येत नसत. ढग फाटले आणि कोणी विचारलं की हा कोणता तारा, तर ते ओशाळून हसायचे आणि आईला हाक मारायचे. काकू हातातलं सूप खाली ठेवून अंगणात येत, वर बघत आणि सांगून टाकत. "एवढा शिकला, पन मले इचारते," असं म्हणून परत आत जात. भाऊजींचं काम डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाशी होतं. हे सांगायचा त्यांनी प्रयत्न केला, पण न दिसणारा उजेड म्हणजे काय, हे सोनाळ्यात कोणाच्या गळी उतरणं शक्य नव्हतं.

माझ्या गळी त्यांनी ते उतरवलं. शाळेला सुट्टी होती, मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते आणि ते समोर उकिडवे बसून फोडलेले दाणे खात होते. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही नेमकं करता काय, ते एकदा सांगून टाका. शाळेत बाया मला विचारतात."

"वहिनी, समजा तुम्ही घरात बसल्या हा. बाहेरून कोनीतरी जोरात वरडलं. तुम्हाले काय समजते?"

"कोणीतरी ओरडलं."

"कोन वरडलं?"

"ते कसं कळणार? गल्लीतलं कोणीतरी."

"झालं. माहं काम इथूनच सुरू होते." ते सरसावून बसले. "आभायात दूर, लयच दूर, कायतरी भयंकर चाललेलं असते. तिथून गॅमा किरन निघतात. आपल्या डोयाले ते दिसत नाहीत. उपग्रहाले समजतात, आमच्या आरशायले समजतात. पन समजते किती? या गल्लीतून आवाज आला, एवढंच. गल्लीत घरं किती तरी. आता वरडला तो गजानन होता असं कोनी म्हनलं, तरी कोनता गजानन? मंग दुसरी खून पाहाची. रेडिओची दुर्बीन तिकडं फिरवाची, ती म्हनते या दोन घरात काही गडबड हाये. मंग साध्या दुर्बिनीनं फोटो काढाचे, ते पाहून म्हनाचं की या घरातला दिवा मोठा-बारीक होऊन राह्यला. आवाज वाढला तवाच दिवा बी वाढला का? हाव. तीन खुना पटल्या, की मंग म्हनाचं, हा तो. वळख पटली."

"आणि पटली नाही तर?"

"तर म्हनाचं, मालूम नाही," ते म्हणाले, आणि माझ्या सुपातले उरलेले दाणे घेऊन गेले.

या 'खून' शब्दावरून आमचं कायम वाजायचं. आमच्याकडे ण चा न होतो, त्यात नवल नाही, पण मी मराठीची बाई. "भाऊजी, खून नाही, खूण," असं मी दर वर्षी सांगायची. ते दर वर्षी मान डोलवायचे आणि पुढच्या वाक्यात पुन्हा खून करायचे. त्यांना कोणीही काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "बरं, आनखी काही खून?" पाऊस येणार म्हटलं तरी, अमक्याची गाय व्यायली म्हटलं तरी. एकदा स्टँडवर कोणी तरी सांगत होतं की चष्म्याचा गजानन मुंबईला गेला. भाऊजी मोठ्याने म्हणाले, "एक खून पुरत नाही, आनखी एक खून पाह्यजे." शेजारी नुकताच बदलून आलेला पोलीस शिपाई उभा होता. त्याने भाऊजींना बाजूला घेतलं, आणि सरपंच नारायण पाटील येऊन समजूत घालीपर्यंत सोडलं नाही.

त्यांचं लग्नही खुणेपायीच राहिलं. मुलीकडची माणसं स्थळ पाहायला यायची होती. पाहुणे स्टँडवर उतरले, गजाननभाऊंचं घर विचारलं. कोणीतरी बोट दाखवलं. नोकरीवाला ना, हो नोकरीवाला. घरी आई आहे, हो आहे. पाहुणे गेले ते पोस्टात कारकून असलेल्या दुसऱ्याच गजाननाच्या घरी. त्या घरच्यांना वाटलं, देवच पावला. त्यांनी पोहे केले, मुलगा समोर आणून बसवला. पाहुण्यांना मुलगा पसंत पडला आणि तिथल्या तिथे सुपारी फुटली. इकडे काकू नवं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या. संध्याकाळी सगळा घोळ कळला तेव्हा मुलीचे वडील हात जोडून आले. पण सुपारी फुटली म्हणजे शब्द गेला, आणि शब्द फिरवायची रीत कोणाकडेच नाही. भाऊजी त्यांना म्हणाले, "काका, दोनच खुना पाह्यल्या तुम्ही. जाऊ द्या, पोरगी चांगल्या घरात पडली." त्या लग्नात पंगतीला बुंदी वाढायला भाऊजी स्वतः होते. पुढे स्थळं आली नाहीत असं नाही, पण भाऊजींनीच विषय टाळला. काकूंना याचं दुःख होतं. मलाही वाईट वाटायचं, कारण त्यांच्यासारख्या माणसाच्या घरात बाई सुखी झाली असती.

काकूंना आणखी एक दुःख होतं, आणि ते लग्नापेक्षा जुनं होतं. नदीवर, दळणाला, हळदी-कुंकवाला बाया विचारायच्या, "वच्छलाबाई, धाकटा काय करते?" थोरल्याचं सांगणं सोपं होतं. कोणाचा मुलगा तलाठी, कोणाचा कंडक्टर, कोणाचा मास्तर, सगळ्यांचं एका शब्दात सांगून व्हायचं. काकू म्हणायच्या, "वर पाह्यते." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मी एकदा शिकवून पाहिलं, की शास्त्रज्ञ म्हणा. त्यांनी दोन दिवस घोकलं, आणि तिसऱ्या दिवशी कोणी विचारल्यावर म्हणाल्या, "शास्त्री हाये." मग बाया त्यांना मुहूर्त विचारू लागल्या, तेव्हा त्यांनी तो शब्द सोडून दिला.

अशात एका वर्षी, आणीबाणी उठून गेल्यावर, अकोल्याच्या एका वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली. विश्वाच्या दूर कोपऱ्यातून येणाऱ्या गॅमा किरणांच्या उगमाची ओळख पटवण्यात सोनाळ्याच्या सुपुत्राला यश. कोणती तरी दीर्घिका होती, आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा मेळा, इतकी दूरची की तिचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता. ते वर्तमानपत्र गावात एसटीच्या ड्रायव्हरने आणलं आणि नारायण पाटलांनी चावडीवर मोठ्याने वाचलं. गावाने त्यातला एकच शब्द उचलला, ओळख. वर हा शब्द गजाननाला आधीच चिकटलेला होता.

आमच्याकडे ओळख या शब्दाला मोठा भाव आहे. बदली व्हायची तर ओळख लागते, विहीर मंजूर व्हायची तर ओळख लागते, दवाखान्यात खाट मिळायची तरी ओळख लागते. आपल्या गजाननाची वरती ओळख निघाली, आणि ती इतकी मोठी की पेपरात छापून आली, यापुढे लोकांना काही ऐकायचंच नव्हतं. त्या पावसाळ्यात भाऊजी यायच्या आधीच काकूंच्या ओट्यावर माणसं येऊन बसायला लागली. कोणाला मेव्हण्याला एसटीत लावायचं होतं, कोणाला मास्तर मुलाची बदली जळगाव जामोदला करून हवी होती. काकू सगळ्यांना चहा देत होत्या. इतक्या वर्षांत बाया पहिल्यांदाच त्यांच्या दारात येऊन विचारत होत्या, धाकटा कधी येते म्हणून. काकूंच्या चालण्यात फरक पडला होता. मला तो दिसत होता आणि मनापासून बरं वाटत होतं.

भाऊजी आले त्याच दिवशी नारायण पाटलांनी सत्कार जाहीर केला. दोन दिवसांनी, दुपारी, शाळेच्या मोठ्या खोलीत. भाऊजी ओट्यावरच्या माणसांना समजावत बसले होते. मेव्हणेवाले गृहस्थ म्हणत होते, "पन तुही वळख हाये म्हनतात नं बे वरती?"

"हाये. पन एकतर्फी हाये. मी त्यायले वळखतो, ते मले नाही वळखत."

"मोठ्या लोकायचं असंच असते," गृहस्थ समजूतदारपणे म्हणाले आणि उठून गेले.

मी हसले, पण भाऊजी हसले नाहीत. तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याचं जाणवलं. रात्री ते जेवले नाहीत असं काकू सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्याकडे आले. हे चहा पीत होते. भाऊजी दारातच उभे राहून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, घोटाळा झाला. मी ज्याले तो म्हनलं, तो तो नाही."

निघण्याच्या आधी त्यांना वेधशाळेत कळलं होतं. दुसऱ्या एका देशातल्या माणसाने आभाळाचा तोच तुकडा आणखी बारकाईने तपासला होता, एक्स किरणांच्या उपग्रहाने. भाऊजींच्या दीर्घिकेच्या अगदी बाजूला एक फिकट निळा ठिपका होता. तो फोटोत भाऊजींनीही पाहिला होता आणि साधा तारा समजून सोडून दिला होता. गॅमा किरण वाढत तेव्हा तो ठिपकाही वाढे, ते ओसरत तेव्हा तोही ओसरे. तिन्ही-चारी खुणा त्याच्याच पटत होत्या. भाऊजींची दीर्घिका त्याच महिन्यांत उजळली होती, ती आपल्या कारणाने. "दोन खुना पटल्या होत्या," ते म्हणाले. "तिसरी अर्धीच पटली होती. मले घाई झाली. दुसरं कोनी आधी छापन असं वाटलं." त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. जन्मभर लोकांना 'आणखी काही खूण' विचारणारा माणूस, आणि त्यानेच बाजूच्या घरात जाऊन सुपारी फोडली होती.

हे म्हणाले, "पाटलांना सांगा."

भाऊजी पाटलांकडे गेले, हेही सोबत गेले. मी गेले नव्हते, पण ह्यांनी येऊन सगळं सांगितलं. पाटील माणूस मोकळा. ते म्हणाले, "गजानन, शाल आली, नारय आला, बुलढाण्याहून पाहुना येऊन राह्यला. तो काय अन् बाजूचा काय, इथं कोनाले समजते? तूच म्हनतं, दोघंबी इतके दूर हायेत. शाल घे अन् चूप बस. तुह्या मायचा तरी इचार कर."

हे शेवटचं वाक्य भाऊजींना लागलं असणार. सगळी दुपार ते गोठ्यात बैलांजवळ बसून होते. काकू मात्र पेटीतलं लुगडं काढून उन्हाला घालत होत्या. ऊन नव्हतंच, तरी घालत होत्या. त्यांना भाऊजींनी काही सांगितलं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मला तेव्हा मनातून पाटलांचंच म्हणणं पटत होतं.

सत्काराच्या दिवशी शाळेची खोली भरून गेली. वर पत्र्यावर पाऊस, खाली माणसं. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत काकू होत्या, नव्या लुगड्यात, अवघडून ताठ बसलेल्या. बुलढाण्याच्या पाहुण्यांनी भाषण केलं. त्यात त्यांनी गॅमाला दोनदा ग्रामा म्हटलं आणि ग्रामविकासावर घसरले. मग पाटील शाल घेऊन उठले. भाऊजींनी हात जोडून त्यांना थांबवलं आणि माइक हातात घेतला.

"मंडळी, माफ करा. तुम्ही ज्याच्यासाठी बोलावलं ते काम माहं चुकलं. मी एका दीर्घिकेले वळखलं म्हनून सांगितलं. ती ती नव्हती. खरा उगम तिच्या बाजूले होता, तो मी पाह्यला अन् सोडून देला. दुसऱ्या मानसानं तो बरोबर वळखला. चूक झाली असं आम्ही छापून बी देनार हाओत. पन इथं तुम्ही माह्या तोंडावर विश्वास ठेवून जमले, म्हनून इथं तोंडानंच सांगतो."

पत्र्यावर पाऊस वाजत होता म्हणून मागच्यांना नीट ऐकू आलं नाही. पुढचे मागच्यांना सांगू लागले. "गजाननाची वळख तुटली," असं एकाने सांगितलं आणि तेच खोलीभर पसरलं. मेव्हणेवाले गृहस्थ हळूच उठून छत्री शोधू लागले. बायकांत कुजबुज झाली, कोणीतरी हसलंही. काकू उठल्या. कोणाकडे न पाहता, लुगडं सावरत, पावसातच घराकडे चालू लागल्या.

पाटील क्षणभर शाल धरून तसेच उभे होते. मग त्यांनी ती भाऊजींच्या खांद्यावर टाकली आणि नारळ हातात दिला. "नारय माघारी न्याची रीत नाही आपल्यात," ते म्हणाले. "ठेव. पुढं कवा तरी कामी येईन." मला पाटलांबद्दल त्या दिवसापासून आदर वाटतो.

काकू त्या दिवशी भाऊजींशी बोलल्या नाहीत. दार उघडं होतं, चूल पेटलेली होती, ताट वाढलेलं होतं, पण शब्द नाही. भाऊजी ओट्यावर बसून राहिले. मी भाजी द्यायच्या निमित्ताने दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा काकू पाठमोऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते निघणार होते. रजा उरली होती, पण म्हणाले, काम पडलं आहे. त्याच महिन्यात ह्यांचीही बदली झाली आणि आम्ही सोनाळा सोडलं, म्हणून भाऊजींना मी पाहिलं ते तेव्हाचंच शेवटचं. वाटेत खायला म्हणून मी धपाटे बांधून नेले होते. काकूंच्या स्वयंपाकघरात भाऊजी पाटावर बसले होते, ताटात भाकरी आणि ठेचा. एक तुकडा मोडून नुसताच चिवडत होते. काकू चुलीपुढे दुसरी भाकरी थापत होत्या. मी उंबऱ्याशीच थांबले.

भाकरी तव्यावर टाकून काकू म्हणाल्या, "मंग तो खरा कोनता, ते पक्कं समजलं का?"

त्या बोलल्या म्हणून भाऊजी दचकले. "समजलं, माय. सगळ्या खुना पटल्या."

"ज्यानं वळखला, तो कोन हाये?"

"दूर देशातला हाये. मी पाह्यला नाही त्याले."

"तुह्यासारखाच वर पाह्यते?"

"हाव."

काकूंनी भाकरी उलटली. ती फुगू दिली. मग ती भाऊजींच्या ताटात टाकली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि विचारलं, "त्याले माय हाये का?"

"काय मालूम," भाऊजी म्हणाले. "असन."

"मंग बरं झालं," काकू म्हणाल्या. "तिले बी बाया इचारत असतीन, पोरगा काय करते म्हनून."

भाऊजींनी मान खाली घातली. बाहेर स्टँडच्या बाजूने गाडीचा हॉर्न वाजला, कंडक्टरने घंटी दिली. दोघांपैकी कोणी हललं नाही. काकूंनी परातीत आणखी एका भाकरीचं पीठ घेतलं. मग भाऊजी जेवायला लागले, आणि गावात आल्यापासून पहिल्यांदाच पोटभर जेवले. गाडी अर्थातच निघून गेली होती.